गॅलरीतले चार रॉड

१२ जानेवारी, सोमवार
उद्या ह्यांचा तेरावा. माणसं बसायला जागा हवी म्हणून सकाळी गॅलरी धुतली. गाडीच्या इंजिनातून काढलेलं सगळं ह्यांनी तिथे वर्तमानपत्रांवर मांडून ठेवलं होतं. चार पिस्टन, त्यांचे रॉड, रॉडच्या खालच्या टोप्या. कागदांवर एक ते चार आकडे. कागद तेलकट झालेले, टाकून दिले. बाकी सगळं पुसून बादलीत.
अमोल म्हणाला, "आई, भंगारात देऊ ना गाडी." नको म्हटलं. नवे पिस्टन आणून ठेवलेत ह्यांनी. तेवढं तरी पुरं व्हावं.

१४ जानेवारी, बुध.
संक्रांत. यंदा तिळगूळ नाही. उल्हासनगरला लछूभाईंना फोन केला, ह्यांचे गॅरेजवाले मित्र. येतो म्हणाले.

१७ जानेवारी, शनि.
लछूभाई पार्किंगमध्ये गाडीखाली जाऊन आले. "इंजिन उतरवायचं कामच नाय, भाभी. दादांनी वरून इंजिनचं हेड खोललंय, खालून तेलाचं चेंबर. पिस्टन वरून सोडायचे, खालून टोप्या आवळायच्या. बस."
मग बादली बघितली. "अरे, ये क्या? सब मिक्स?"
ज्या रॉडची टोपी त्यालाच बसते म्हणे. चुकली तर खालचा फिरता शाफ्ट घट्ट धरते, नाहीतर ढिली राहते आणि चालत्या गाडीत रॉड तुटतो. रॉडवर नंबर नाहीत.
"दादा चहाचे कपपण लाइनीत ठेवायचे. त्यांनी असं केलं?"
अमोल म्हणाला, "बाबांचं हल्ली लक्ष नसायचं, काका."
मी चहा टाकायला आत गेले.

१८ जानेवारी
अमोल पुण्याला परत गेला. निघताना तरी सांगायला हवं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात ह्यांच्या हाताखालची पोरं चेष्टा करायची, साहेब नटालापण विचारून हलवतात. आणि आता लक्ष नसायचं म्हणे.

२२ जानेवारी, गुरु.
लछूभाई चार-पाच दिवस एकेक टोपी लावून, शाफ्ट हाताने फिरवून बघतायत. दोन नक्की जमल्या. उरलेल्या दोन कशाही लावल्या तरी फिरतात.
"डाउट असेल तर इंजिन उतरवून मशीनवर न्यायला लागेल. तुम्ही बोला, भाभी. दादा कशे ठेवायचे, काय आठवतं?"
नाही म्हटलं. लावा म्हटलं. विषय संपावा म्हणून.

२४ जानेवारी, शनि.
गाडी सुरू झाली. थोडा धूर, मग बंद झाला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका असते तर पेढे वाटले असते." लछूभाई कान लावून बराच वेळ बसले. "अजून तरी ठीक. हळू चालवा. खालून टकटक आली की तिथेच बंद."

२५ जानेवारी, रवि.
अमोलचा फोन. उद्या सगळे येणार, गाडी घेऊन पुण्याला जाणार. पोरगी म्हणते, आजोबांच्या गाडीतून घाट चढायचा.
म्हटलं, "गाडी दोन-चार दिवस राहू दे इथे."
"का? लछूकाका तर ठीक आहे म्हणाले."
"अमोल, ते टोप्यांचं... बाबांच्या हातून नव्हतं झालं."
"आई, सोड ना. माणूस गेला. आता त्यांच्या चुका काय काढायच्या? मी तर कधीच माफ केलं."
नुसतं म्हटलं, "सकाळी लवकर नको निघूस."
बरं म्हणाला.
नळाला पाणी आलं होतं. हंडा भरून घेतला, वर फडकं बांधलं.