लांबचं दिसतं का?

ट्रॉय, १४ नोव्हेंबर १९८६

आज इमिग्रेशनच्या कैदेतल्या लोकांचे डोळे तपासायला गेले होते. शेवटचा पेशंट करीम, जीव वाचवून अफगाणिस्तानातून आलेला. आसऱ्याचा अर्ज नामंजूर झालाय आणि परत पाठवावं तर तिकडे युद्ध. म्हणून दोन वर्षं नुसता कोंडून ठेवलाय! त्याला उर्दू येतं, मला हिंदी.

सवयीने विचारलं, "लांबचं नीट दिसतं ना?"

तो विचारात पडला. "डॉक्टरसाहब, यहाँ दूर का कुछ है ही नहीं."

खरंच की. खोलीला खिडकी नाही, अंगणाभोवती उंच भिंत. अक्षरांचा तक्ता लावायलाही लांबी पुरेना, मी समोर आरसा लावून अंतर दुप्पट करून भागवलं होतं. तरी विचारलं. काय म्हणावं मला!

तपासल्यावर लांबचा नंबर निघाला. म्हटलं, इथे चष्म्यावाचून अडणार नाही तुझं. तर म्हणाला, "द्याच. बाहेर लागेल."

लिहून दिला. आणि उठताना सगळ्यांना म्हणते तेच त्यालाही म्हणून बसले, "वर्षाने परत तपासू."

तो मान हलवून "हो" म्हणाला.

नाही म्हणायचं होतंस रे.