तुमचं ते प्र. इ.

ता. ४ मार्च

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा तिकडे, आणि हातात ह्यांच्या शर्टाचं बटण. डबा भरायचा होता, नळ जायची वेळ झाली होती. हे अंथरुणातूनच म्हणाले की आज अंग मोडून आलंय, दांडी मारू का. मी सुई दातात धरून म्हटलं, महिन्यात दोन झाल्या, उठा आता, आळशाचं अंग रोजच मोडतं. ते हसले आणि उठले. एवढंच. ती सकाळ मी रोज मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत करते, आणि दर वेळी ते उठतातच.

तुमचं पत्र इथे ताईकडे पोचलं. पाकिटावर 'सौ.' गाळायला विसरला नाहीत, बाकी बरंच विसरलात. सोबतच्या कागदात माझ्या नावाने टाइप केलंय की छापखान्यातल्या माल चढवायच्या लिफ्टचा अपघात ईश्वरेच्छेने झाला, कुणाचा हलगर्जीपणा नाही, चौकशीत माझं काही म्हणणं नाही. सहीसाठी फुलीही मारलीत. अंगठा मागितला नाहीत, हे उपकारच.

भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हा मला जेमतेम अक्षर लावता यायचं. हे बांधणी खात्यातून छपाईत बिघडलेले फर्मे आणायचे, सोळा-सोळा पानांचे, त्यांवर मी वाचायला शिकले. प्रवचनांच्या एका जाड पुस्तकाचे दोन फर्मे अजून माझ्या ट्रंकेत आहेत. एकात सगळं देव ठरवतो. दुसऱ्यात माणूस आपल्या मर्जीने वागतो आणि त्याचा जाब देतो. मधली सोळा पानं नाहीत. मी ह्यांना चिडवायचे की दोन्हींचा मेळ घालणारा फर्मा तेवढा नेमका चांगला छापला गेला वाटतं.

तर मला एकच सांगा. लिफ्ट समोर नसताना दार उघडू नये म्हणून त्याला कुलूप असतं. मग हे आत पडले कसे? खात्याचे सुपरवायझर तुम्ही. वहिनीवर जीव असेल तर खरं ते कळवा.

वहिनी

ता. ९ मार्च

ती. स्व. वहिनीस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

प्रभूच्या इच्छेने (प्र. इ.) आम्ही सर्व ठीक. धाकटीचा खोकला प्र. इ. उतरला. मोठी विचारते, काकू कधी येणार. दादाच्या स्टुलावर अजून कुणी बसत नाही. परवा नवीन माणूस बसायला गेला तर मीच त्याच्या अंगावर ओरडलो, मग बाहेर जाऊन तोंड धुतलं.

तुमच्या हातचं खाऊन वाढलोय, लपवणार नाही. ते कुलूप अडकायचं, माल खोळंबायचा, मालक डोक्यावर बसायचे. म्हणून त्यात पत्र्याची पट्टी खुपसून ठेवा असं मी सांगितलं. तेव्हापासून दार केव्हाही उघडायचं. चार दिवसांचाच प्रश्न होता, दुरुस्तीवाला येणारच होता. दादा कागदाचा गठ्ठा छातीशी धरून उलट पावली आत जाईल हे मला काय ठाऊक? प्रभूच्या हुकमाशिवाय पान हलत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलं. दादाची वेळ भरली होती. पट्टी नसती तर जिना असता.

आणि वहिनी, त्या सकाळी दादाला उठवून तुम्हीच पाठवलंत, असं तुम्हीच लिहिता. मी कुणापुढे बोलणार नाही. पण सगळं प्रभूच्या इच्छेने झालं म्हटलं की तुम्हीही सुटता आणि मीही. चौकशी वीस तारखेला आहे. खटला झाला तर तीन मुलींना घेऊन कुठे जाऊ? कागद लवकर पाठवा. त्या पुस्तकाची अख्खी प्रत गोदामात सापडली, ती पाठवतोय. मधली पानं वाचा, मन शांत होईल.

लेकरावरची माया आटू देऊ नये.

आपला,
धाकटा

ता. १३ मार्च

भाऊजी,
आशीर्वाद आज हातून उतरत नाही.

ती सोळा पानं दोनदा वाचली. लिहिणारा प्रामाणिक आहे. पंधरा पानं झगडतो आणि सोळाव्यावर कबूल करतो की दोन्ही खरं आहे, पण सांधा कुठे आहे तो मला दिसत नाही. त्याला जन्मभर दिसलं नाही ते तुम्हाला पत्र्याच्या पट्टीत दिसलं. धन्य!

खोकला उतरला, प्र. इ. सख्खा भाऊ गेला, प्र. इ. पण सुपरवायझर झालात तेव्हा सगळ्या घराला ऐकवत होतात की घाम गाळला म्हणून मिळालं. तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं प्र. इ.? चांगलं ते आपलं आणि सांडलं-लवंडलं ते प्रभूचं. अहो, मोलकरणीवरसुद्धा कुणी इतकं ढकलत नाही.

माझं देवाशी भांडण आहे. रोज पहाटे करते, तो ऐकून घेतो. ह्यांचं पाऊल त्याने का आवरलं नाही, हे मी त्याला विचारीन, तुम्हाला नाही. तुम्हाला पट्टीचं विचारते. ज्या शिष्याने प्रभूला धरून दिलं, त्याचं शास्त्रात आधीच लिहिलेलं होतं. तरी त्याला कुणी म्हणालं नाही की बाबा रे, ठरलेलंच होतं, जा घरी, हातपाय धू.

आणि मला सोडवायला निघालात! मी मागितलं होतं का सोडवणं? मी ह्यांना उठवलं. दाराचं मला माहीत नव्हतं, त्यामुळे तो गुन्हा नव्हे एवढं मलाही कळतं. पण बोलणं माझं होतं. आणि ते उठले ते माझा शब्द राखायला, स्वतःच्या पायांनी. माझ्यासाठी त्यांनी केलेलं ते शेवटचं. तेही उचलून आभाळात ठेवलंत, तर माझ्याजवळ काय उरलं? आम्ही काय कळसूत्री बाहुल्या होतो?

कागद फाडला. तुमचं काहीही होवो, मुलींना इथे पाठवा, तिघींना जागा आहे. वीस तारखेला मी येते. पट्टीचं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा. भाऊ म्हणून एवढं करा.

वहिनी

ता. २२ मार्च

प्रिय भाऊजी,

तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी लिहिते.

परवा चौकशीत मी मागच्या बाकावर होते. कुलूप कशामुळे बिघडलं असं साहेबांनी विचारल्यावर तुम्ही खाली बघून सांगितलंत की ठाऊक नाही, प्रभूची मर्जी. मग मला विचारलं. माझ्या जिभेवर होतं. पण तुम्ही रडत होतात, आणि थेट ह्यांच्यासारखं मनगटाने नाक पुसत होतात. मी नाही अशी मान हलवली आणि गप्प बसले. बाहेर आल्यावर तुम्ही माझे पाय धरलेत, म्हणालात की देवानेच माझं तोंड बंद केलं. नाही भाऊजी. ते मीच बंद केलं होतं.

मुलींना पाठवा. मोठीची शाळेची पुस्तकं विसरू नका. तुमच्यावरचा राग जाईल की नाही सांगता येत नाही, माया मात्र जात नाही, मी करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी साहेबांकडे परत गेले आणि दार का उघडलं ते सांगितलं.

वहिनी