जांभळ्या दिव्याचं खारं पाणी

अहो रमाच्या बाबा,

काल तुमच्या धाकट्या भावाले मी चावली. मनगटाले, रक्त निघेपर्यंत. पोलीस पाटलानं उद्या बोलावलं, म्हणून तुमाले आधीच सांगून टाकतो. नाई तं तुमी पह्यले त्याचंच ऐकता.

काल तुमचं वर्षश्राद्ध. भाऊजीनं शाळेतल्या बोअरवर पाणी साफ कराची मशीन बसवली. तीच, आपल्या घरच्यासारखी, जांभळ्या दिव्याची. वर तुमच्या नावाची पाटी, तुमचा फोटो. लय गोड हासता त्याच्यात. माह्याकडं पाहून काऊन नाई हासले कधी असे?

आपल्या घरी तो दिवा लागला तवा तुमी खाट ओढून समोर बसत, टीव्ही पाह्यल्यासारखे. "आता आपलं बोअर म्हंजे गंगा," म्हणत. टँकरचं गोडं पाणी बंद केलं. मी म्हणे, "अहो, खारंच लागते." तं म्हणत, "तुही जीभच खारी." मंग तुमच्या किडन्या गेल्या. डायलिसिसवाला डॉक्टर म्हणे, त्या उजेडानं जंतू मरते, पाण्यातले क्षार जसेच्या तसे राह्यते. तवा तुमचं तोंड पाह्यासारखं झालतं. मले हासू आलं नाई, पह्यल्यांदा.

काल मी म्हटलं, "भाऊजी, क्षार काढाची मशीन आणा, नाई तं शाळेत टँकर येऊ द्या."

"वहिनी, दादाच्या नावानं हाय. गप बसा."

"तुमच्या दादाले याच पाण्यानं नेलं."

"बाईमाणसाले काय समजते मशीनीतलं?"

पोरं गिलास घेऊन लाइनीत उभी. सगळ्यात पुढं आपल्या रमाची चिंगी. मी पोरायले मैदानात पिटाळलं, बटन बंद केलं, येवढी अक्कल हाय मले, अन् सरपणाची कुऱ्हाड आणली. पह्यला घाव तुमच्या नाकावर बसला. दुसऱ्यानं दिव्याची नळी फुटली. भाऊजीनं अंबाडा धरून फरफटत नेलं, तवा चावली. त्यानं पोटात लाथ घातली. मी दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. दोघं बी काचात पडलो.

मंग तो तिथंच बसून रडला. "दादाचं नाव फोडलं वहिनी तुमी."

ते मात्र लागलं मले. तुमाले बी लागलं काय?

उद्या माफी मागणार नाई मी. दुसरी मशीन आणली तं ती बी फोडीन. पण शाळेत गोड्या पाण्याचा नळ लागला, की तुमची पाटी मीच ठोकीन, माह्या हातानं. तोवर बिनपाटीचे राहा.

तुमची,
रमाची आई