एकेकोच्या नावावर

ओरुरो, सोमवार

प्रिय नोएमी,

तू जाताना दारात म्हणाली होतीस, "ज्या घरात धूर, त्या घरात माझं पोर येणार नाही." म्हणून खुशाली विचारायच्या आधी तेच सांगते. आज चोविसावा दिवस आहे. चोवीस दिवसांत आपल्या घरात कुणा माणसाने सिगारेट ओढलेली नाही. जपमाळ शेजारी ठेवून लिहिते आहे, तेव्हा यात खोटं नाही. इसाइची छाती आता कशी आहे? त्याला बसमध्येच धाप लागली आणि कोचाबांबाला उतरल्यावर दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, हे जावईबापूंच्या चिठ्ठीवरून कळलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर, त्याला हवासुद्धा निवडून पाखडून द्यावी लागते, हे तू पहिल्यापासून बजावत होतीस. आम्ही ऐकत होतो. निदान ऐकल्यासारखं करत होतो.

सिगारेट सुटताना काय होतं ते तू नर्स आहेस, तुला पुस्तकातून ठाऊक असेल. घरात काय होतं ते मी सांगते. पहिले दोन दिवस डोकं दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं जड. तिसऱ्या दिवशी किन्वा करपला, भांडं अजून घासते आहे. चौथ्या दिवशी अंडीवाल्याशी भांडण. "अंडी आहेत की गोट्या?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "बाईसाहेब, कोंबडीला जाऊन विचारा, मी नाही घातली." एरवी हसू आलं असतं, त्या दिवशी टोपली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. झोप तुटक. खोकला कमी होईल म्हणावं तर उलट वाढला. आरोग्य केंद्रातली मुलगी म्हणते, छाती आतून झाडून काढते आहे, झाडताना धूळ उडणारच.

आता तू मनात म्हणत असशील, बाबांनी सोडली एकदाची. नोएमी, बाबांनी ती अकरा वर्षांपूर्वी सोडली. तू नर्सिंग शिकायला निघालीस तेव्हा तुझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, त्यानंतर त्यांनी तिला हात लावलेला नाही. ओढत होते ती मी. पांघरुणाला वास आला तो माझा. ज्या कापडाने इसाइला पाठीशी बांधून मी दोन दिवस मिरवलं, त्याच कापडाला.

तुला खरं वाटणार नाही. दर रविवारी प्रभुभोजन घेणारी बाई, भाजीवालीकडे चार पैशांसाठी घासाघीस करणारी बाई, आणि सिगारेट? मलाही सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही. कशाने झाली ते सांगता येतं. तुझ्या पहिल्या पगाराची भेट म्हणून तू एकेको आणलास, भरभराटीच्या देवाची ती मूर्ती. आपला आपण विकत घेतलेला लाभत नाही, दुसऱ्याने दिलेलाच लाभतो, म्हणून मी तो हौसेने कोनाड्यात बसवला. हात पसरलेला, मिशाळ, अंगावर इवल्या इवल्या पोत्यांचं ओझं आणि तोंडाला भोक. दर शुक्रवारी त्याच्या तोंडात पेटती सिगारेट ठेवायची, ती शेवटपर्यंत जळली की आठवडा बरा. पण सिगारेट नुसत्या काडीने पेटत नाही, कुणीतरी पहिला झुरका घ्यावा लागतो. बाबा घेणार नव्हते. तू कोचाबांबाला. राहिले मी. पहिल्या वर्षी एक झुरका घेऊन चूळ भरत होते. दुसऱ्या वर्षी दोन झुरके. मग मंगळवारीही द्यावी असं कुणीसं म्हणालं आणि मला ते लगेच पटलं. त्याच्या तोंडातली अर्धी विझली तर टाकून कशी द्यायची, काटकसरीच्या बाईला ते कसं जमणार? मी ती संपवत होते. तो म्हातारा आठवड्याला एका सिगारेटवरून दिवसाला सहांवर आला तेव्हा मला कळलं होतं की ओढणारा तो नाही. पण हिशेबाच्या वहीत मी "एकेको" असंच लिहीत राहिले. महिनाअखेरीला बाबा बेरीज तपासतात ना, एकदा चष्म्यावरून बघून म्हणाले, "बेने, हा कोनाड्यातला पाहुणा आपल्या दोघांपेक्षा खर्चिक निघाला." मी म्हटलं, "देवाधर्माचं मोजू नये." त्यांनी वही मिटली.

आता कोटाचं. तुला बाबांच्या जुन्या रेल्वेच्या कोटाच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं. तो कोट मागच्या दाराच्या खुंटीला असतो, बाबा तो घालत नाहीत. मी घालते. शालीला वास लागू नये म्हणून मागच्या अंगणात जाताना तो वरून चढवायचा, ओढून झालं की पाकीट त्याच खिशात. त्यांचाच कोट का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पुढे विचारलं. कुणाला सापडलंच तर ते त्यांचं ठरावं, असं आत कुठेतरी माझं ठरलेलं असणार.

आणि ठरलंही तसंच. तू पाकीट टेबलावर आपटलंस, "बाबा, तुमच्या शब्दाला आता किती किंमत द्यायची?" म्हणालीस. मी हातात कपबशी घेऊन उभी होते. मला वाटलं ते आता माझ्याकडे बघतील. नाही बघितलं. ते एवढंच म्हणाले, "चल, बस चुकेल तुझी." तुझी पिशवी उचलून अड्ड्यापर्यंत आले. परत येऊन बूट काढले, चहा मागितला. त्यानंतर या विषयावर आमच्यात एक अक्षर झालेलं नाही. मी बोलले नाही कारण लाज वाटली. आणखी खरं सांगायचं तर, तू त्यांच्यावर रागावलीस तरी माझ्यावर रागावली नाहीस, याचं मला बरं वाटलं. हे पाद्रीबाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देव माफ करेल, त्याची काळजी नको. पण कोट कुणाचा होता?"

तू गेल्यावर मी पाच आठवडे ओढतच होते, जास्तच. सहाव्या आठवड्यात एका सोमवारी बंद केली. शुक्रवार आला. एकेकोला द्यायची कशी? शेजारच्या ओर्तेन्सियाला बोलवायला गेले तर दुकानाला कुलूप. मी स्वतःला समजावलं, एकच झुरका, तोही त्याच्यासाठी. झुरका घेतला, त्याच्या तोंडात ठेवली, दोन मिनिटं हात जोडून उभी राहिले आणि मग त्याच्या तोंडातून काढून स्वतः संपवली. मूर्तीच्या तोंडातली! ओढून झाल्यावर बघते तर बाबा दारात उभे, हातात बटाट्याची पिशवी. म्हणाले, "बाजारात गर्दी होती," आणि आत गेले. ते पाच दिवस मी मोजलेले नाहीत. शनिवारपासून पुन्हा एक.

त्या आठवड्यात बाबा मागच्या खोलीत काहीतरी खुडबुडत होते. चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर राहिलेला माणूस, मी लक्ष दिलं नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी कोनाडा रिकामा! आत जाऊन बघते तर एकेको टेबलावर पालथा आणि बाबा हातड्रिलने त्याच्या पाठीला भोक पाडताहेत. मी छातीवर क्रूस काढला. "अहो, काय करताय? शाप देईल तो!" तर म्हणाले, "गप. डॉक्टर रोग्याच्या जवळ असताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचं." भोकात त्यांनी रबरी नळी बसवली, नळीला रॉकेल ओढायचा तो हाताने दाबायचा फुगा, उलटा. तोंडात सिगारेट, समोर काडी, फुगा दाबून सोडला की हवा आत ओढली जाते. तीन दाबांत सिगारेट लाल झाली आणि धूर पाठीमागून, खिडकीबाहेर सोडलेल्या नळीतून. शेवटपर्यंत जळली, राख पांढरी आणि सरळ. बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "झालं. आता हा स्वतःची स्वतः ओढतो. कुणाच्या तोंडाची उसनवारी नको."

मी कांदे चिरायला घेतले. त्या दिवशी कांदे लागणार नव्हते, तरी चार चिरले.

तर असं चाललं आहे. तलफ येते ती जपमाळेच्या एका दशकाएवढी टिकते, हे मी मोजून पाहिलं. दहा मणी सावकाश म्हणायचे, दहाव्याला ती जाते. तासाभराने पुन्हा येते, मग पुन्हा दहा. पहिल्या आठवड्यात मी इतकी प्रार्थना केली की एखादीला संतपद मिळालं असतं. आता दिवसाला सात-आठ वेळा येते, जेवणानंतरची सगळ्यात वाईट. तेव्हा भाजलेले वाल चघळते, नाहीतर बडीशेप. ओर्तेन्सिया म्हणते, "काय गं, लग्नबिग्न ठरलंय का? सारखं तोंड सुवासिक!" घागऱ्याचा बंद दोन बोटं सैल करावा लागला. साखर महिन्याची वीस दिवसांत संपली. कोट दोनदा धुतला, उन्हात टाकला, तरी अजून वास येतो. शाल, पांघरुणं, पडदे सगळं धुऊन काढलं. जिभेला चव परत आली आहे. परवा जांभळ्या मक्याचं गरम आपी प्यायले तर त्यात दालचिनी असते हे इतक्या वर्षांनी नव्याने कळलं. मी बरी होईन की नाही ते ठाऊक नाही. चोवीस दिवस म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे, पाचव्या दिवशी पडलेली बाई पंचविसाव्यालाही पडू शकते. म्हणून इसाइला लगेच घेऊन ये असं म्हणत नाही. तू ये तेव्हा ये, आधी तुझ्या नाकाने घर तपास, मग त्याला आत घे.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तू दर रविवारी दहाला ओर्तेन्सियाच्या दुकानात फोन करत होतीस. बाबा अजून जातात. चर्चमधली मिस्सा संपली की टोपी घालतात, "काड्यापेटी संपली," म्हणतात आणि निघतात. फोनशेजारच्या खोक्यावर अकरापर्यंत बसतात. ओर्तेन्सियाने मला सांगितलं, फोन दुसऱ्या कुणाचा आला तरी उठून उभे राहतात. मग एक काड्यापेटी घेतात आणि घरी येतात. सहाव्या रविवारी पेटी फळीवर ठेवताना म्हणाले, "फोन बिघडला असेल," आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सिगारेट सोडली. काल दहावा रविवार झाला. फळीवर दहा काड्यापेट्या आहेत, चुलीला वर्ष-दीड वर्ष पुरतील. त्यांनी तुला खरं सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाहीत. मी हे लिहिते आहे हेही त्यांना ठाऊक नाही. हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरपाशी देते, म्हणजे संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. रागवायचं तर माझ्यावर रागव, तो राग माझा आहे, मी घेईन. पण या रविवारी दहाला फोन कर. मला बोलवू नकोस, त्यांनाच बोलव. अकरावी काड्यापेटी आपल्याला नको.

इसाइच्या कपाळावर माझ्या वतीने क्रूस काढ. हात आधी धुऊन.

तुझीच
आई