फेर्मिन परत आल्याच्या व्हिडिओची वाटणी

मी रामोना किहिहे आंचुंदिया, वय त्रेसष्ट, अविवाहित, राहणार क्रुसिता, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलेही नाही. पुढच्या महिन्यात पोर्तोव्हिएहोच्या इस्पितळात माझे पोट उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, तेव्हापासून मला काळजी लागली आहे. डोके ठिकाणावर आहे. फक्त एका बाबतीत ते चालेनासे होते, ती बाब कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर माझा भाचा उल्बिओ याला द्यावे. खालचा मजला मी तीस वर्षे बाजारात मासे साफ करून बांधला. वरचा व्हिडिओच्या पैशांतून झाला. वर वारा छान येतो, पण मी खालीच झोपते. उल्बिओने हवे तिथे झोपावे.

कलम २. माझ्या चारही सुऱ्या आणि धारेचा दगड धाकटी बहीण सोइला हिला द्यावा. भर बाजारात ती मला म्हणाली होती, "दुसऱ्यांचं रडं विकून माडी चढवलीस गं, ताई!" पंधरा दिवसांनी दात बसवायला माझ्याकडूनच पैसे घेऊन गेली. ते परत मागू नयेत. तिचे बोलणे मात्र मी विसरलेले नाही, कारण ते खोटे आहे असे मला छातीठोकपणे म्हणता आले नाही.

कलम ३. बँकेतल्या शिल्लकीतून आधी माझे दफन करावे. आलेल्यांना कॉफी आणि केळ्याचे गरम गोळे द्यावेत. कोणीही मोबाइल वर धरू नये. उरेल ते उल्बिओचे.

कलम ४. माझे चॅनल, त्यावरचे सगळे व्हिडिओ आणि त्यांचे दरमहा येणारे जाहिरातींचे पैसे.

हे नीट सांगायला हवे. सात वर्षांपूर्वी मी मासळीच्या रश्शाचे व्हिडिओ टाकत असे. ते उल्बिओ बघायचा आणि सोइला, तीही नावे ठेवायला. मग शेजारच्या दिओनिसियाचा नवरा फेर्मिन होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. ती किनाऱ्यावर बसून राहायची. मी कॉफी घेऊन जायचे, जवळ बसायचे. चौथ्या दिवशी तिला विचारून मी मोबाइल सुरू केला. ती म्हणाली, "काढ गं. चार माणसं प्रार्थना तरी करतील." चार नव्हे, लाखांनी केली. मी रोज एक व्हिडिओ टाकू लागले. आज सातवा दिवस, आज नववा दिवस. आकडे वाढले की मला आनंद व्हायचा आणि लगेच तिच्या तोंडाकडे बघवायचे नाही.

अकराव्या दिवशी सकाळी उल्बिओचा फोन आला. तो तेव्हा बंदरावरच्या वायरलेस खोलीत कामाला होता. "मावशी, फेर्मिनकाका जिवंत आहेत! एका मोठ्या जहाजानं उचललंय. तूच जाऊन सांग काकूंना, पळ!"

मी पळाले नाही. मोबाइलची बॅटरी संपत आली होती. तो चार्जिंगला लावून मी खुर्चीत बसले. चाळीस मिनिटे. मधे उठून केसही विंचरले. भिंतीपलीकडे ती बाई नवरा मेला असे समजून बसली होती आणि मी टक्के मोजत होते.

मग गेले, कॅमेरा धरून सांगितले. ती जमिनीवर कोसळून रडली. तो व्हिडिओ जगभर गेला. त्यातून माझी माडी उठली, आणि फेर्मिनच्या मूत्रपिंडाचे ऑपरेशनही झाले, हेही लिहून ठेवते. माडी बघितली की मी मलाच चोर वाटते, फेर्मिन बघितला की वाटत नाही.

या कलमात आधी मी लिहिले होते की चॅनल बंद करावे. पण मेल्यानंतर कागदातून माफी मागणे मला भ्याडपणाचे वाटले. म्हणून गेल्या मंगळवारी मी दिओनिसियाकडे जाऊन सगळे सांगितले. ती मका सोलत होती. सोलतच राहिली.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं, रामोना."

"काय ठाऊक होतं?"

"तो जिवंत असल्याचं. तू यायच्या आधीच दुकानवाली बंदरावर ऐकून धावत आली, सांगून गेली. स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबून मी मनसोक्त रडले. तोंड धुतलं, तर तू दारात. हातात मोबाइल, चेहरा हा एवढा फुललेला. दहा दिवस माझ्याजवळ वाळूत बसली होतीस तू. म्हटलं, हिचा हिरमोड कशाला करा. रडले परत."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"रडं खरंच होतं की. दुसऱ्यांदा होतं, एवढंच."

तिने कणीस खाली ठेवले. "आणि काम केलंय म्हटल्यावर, बाई, माझा पगार कुठाय?"

ती हसत होती. मीही हसले. घरी आल्यावर मात्र कळेना की ती थट्टा करत होती की सात वर्षांचे पैसे आज मागत होती. मी तिला फसवले, तिने मला, आणि आम्ही दोघींनी मिळून त्या लाखो माणसांना. मग त्यातली एक बाई लिहिते की तो व्हिडिओ बघून तिने रुसलेल्या मुलाला फोन केला. आता तिला काय कळवू?

बंद करण्याचे वाक्य मी खोडले आहे. चॅनल आणि त्याची सगळी मिळकत दिओनिसिया मेरो हिला द्यावी. पुढे ठेवायचे की पुसायचे ते तिने बघावे. नोटरीसाहेब विचारतात, "बाई, ही भेट लिहू, मोबदला लिहू की भरपाई? कागदावर एकच शब्द चालतो." त्यांना मी तीनदा वेगवेगळे उत्तर दिले. शेवटी ते पेन खाली ठेवून म्हणाले, "तिलाच विचारून या."

विचारून आले. ती म्हणाली, "माझ्याकडून सही होईल असं काहीही लिही."

म्हणून त्या शब्दाची जागा मोकळी सोडली आहे. चॅनल घेताना सही करेल तेव्हा तिनेच ती भरावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

रामोना किहिहे आंचुंदिया (सही)

साक्षीदार: एलोदिया पाचाय, शिंपीण (सही), विसेन्ते लुकास, होडी दुरुस्त करणारा (सही), ओर्लिन्दा सेदेन्यो, निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: पोर्तोव्हिएहो. तारीख: १४ ऑगस्ट २०२४