आधी वर बघायचं

आबा, मला तुमचा राग येतो. मेलेल्या बापाशी असं बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. दुष्काळाचं साल, वाळूजच्या पलीकडची आपली विहीर, पाणी आटलं म्हणून अजून खोल करायला घेतलेली. एका बाजूची माती ढासळली आणि आत उतरलेला मामा गाडला गेला. आई काठावरून ओरडत होती, "अवं, थांबा, दुसऱ्या बाजूलाबी चीर पडलीय!" तुम्ही मान वर केली नाय. धोतर खोचलं आणि उतरलात. आणि कन्नडच्या घाटात मेंढरं चारताना मला काय सांगायचात? एक मेंढरू दरीत गेलं की बाकीची मागं जाणारच, आधी कळप अडव, मग पडलेल्याकडं बघ. मी उलटं केलं तेव्हा काठीनं पाय सुजवले होते माझे. त्या दिवशी ती अक्कल कुठं गहाण टाकली होती?

फौजेतून सुटलो तरी मी दर हिवाळ्यात काश्मीरला जातो. डोंगरावरून बर्फ कोसळून माणूस गाडला, तर त्याला कसं काढायचं ते शिकवतो. बचाव पथकातली पोरं असतात, आणि पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून आडरानातल्या बर्फाच्या उतारावरून घसरायची हौस असलेली लेकरं. टँकरच्या पाण्यावर वाढलेला गडी बर्फाचा मास्तर झाला, हसा तुम्ही. पहिला धडा, आधी वर बघा, अजून काय कोसळायचं राहिलंय. एक माणूस नुसती नजर ठेवायला उभा करा, मगच आत जा. दुसरा धडा, गाडलेला सापडला की आधी नाक-तोंड मोकळं करा. हा दुसरा मला कुठल्या साहेबानं नाय शिकवला. कोकरू जन्मलं की तुम्ही आधी बोटानं त्याचं नाक पुसायचात. "वारं घेऊ दे त्याला, पाय काय पळून चाललेत?"

पहिल्या धड्याला मी तुमचीच गोष्ट सांगतो. आमच्याकडचा एक माणूस वर न बघता उतरला आणि दुसरी बाजू त्याच्या अंगावर आली. नातं सांगत नाय. यंदा एका पोरीनं विचारलं, "सर, और जो नीचे दबा था?" मी दरवेळचंच सांगितलं, "वो भी गया."

मामा गेला नाय, आबा. दुसरी बाजू तुमच्या पाठीवर यायच्या आत तुम्ही तेवढं त्याचं तोंड उकरून ठेवलं होतं, त्यावर तो जगला. आता त्या विहिरीवर तीन मजले उभे राहिलेत, आणि मामा बजाजनगरात नातवंडं खेळवतो. आत्तासुद्धा पलीकडच्या खोलीत आईशी खिदळतोय. हे वर्गात सांगितलं तर पोरं सरळ उड्या मारतील, म्हणून लपवतो, अशी मी माझी समजूत घालतो. पण लई वर्षं मी आणखी एक खोटं बोलतोय, या कागदावर सुरुवातीलासुद्धा तेच लिहिलं. मी काठावरच होतो. उतरताना तुम्ही वर बघितलं होतं. ती चीर बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि तरी गेलात.