कोंडाबाईचा कोरा पुठ्ठा

प्रिय आई,

तू जाऊन चार महिने झाले. सगळे म्हणत होते, मन मोकळं कर, काहीतरी लिहून काढ. मला सुचतच नव्हतं. खरं सांगू? मी तुझ्यावर रागावले होते. गॅसवर चहा ठेवायचा आणि तो गाळायच्या आधीच निघून जायचं, ही काय रीत झाली? पण आज बसलेय लिहायला. शेवटच्या फोनवर तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर आज दुपारी मिळालं. ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

आठवतो ना प्रश्न? "मंगे, कोंडाबाईला कशावरून शिकवू गं? मला तर काही सुधरूनच नाही राहिलं." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. म्हटलं, आई, मीटिंग आहे, संध्याकाळी बोलते. संध्याकाळी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. चार महिने हे एक वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

तुझी शिकवायची तऱ्हाच जगावेगळी! मी डी.एड. झालेली, हिंगोलीच्या शाळेत पहिलीला शिकवणारी बाई. मला ती कधी पटली नाही. तू अ, आ, इ शिकवायचीच नाहीस. नवीन बाई ओसरीवर येऊन टेकली की तुझा पहिला सवाल, "तुझं माहेर कोणतं?" ती सांगायची. मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचीस, एस.टी. गाडीच्या पाटीवर असतात तशी ठसठशीत अक्षरं काढायचीस, आणि तिच्या हातात द्यायचीस. वसमत. गोरेगाव. औंढा. बाईनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द तिच्या माहेराचा.

हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते शेजारच्या गंगामुळे, हे तूच कितीदा सांगितलंस. नवीन लग्न होऊन आपल्या शिरडला आलेली पोर, वसमतला भावाच्या घरी जायला सकाळी थांब्यावर गेली, आणि दुपारी तू दळण घेऊन परत येताना अजून तिथंच बसलेली. तीन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. वाचता येत नव्हतं, आणि पारावरच्या बाप्यांना विचारायची लाज वाटत होती. तू दळण तिथंच ठेवलंस, तिला पुढच्या गाडीत बसवलंस आणि घरी येऊन पहिला पुठ्ठा कापलास.

आणि त्याच गंगानं पुढं काय गंमत केली! वाचायला शिकली आणि पहिल्यांदा एकटी निघाली. गाडी आली, पाटीवर वसमत. गाडी होती वसमतहून आलेली, हिंगोलीकडं निघालेली. पाटी फिरवायची तेवढी राहून गेली होती. थांब्यावरचे सगळे सांगून राहिले, बाई, ही नाही तुझी. पण ही कसली ऐकते! "म्या वाचलंय. वसमतच हाय." चढली. गर्दीतून कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत औंढा आलं. तो म्हणाला, इथं उतरा. तर ही म्हणाली, आता चढलेच आहे तर मंगलकडं जाऊन येते. भावासाठी नेलेल्या भाकरी, ठेचा, सगळं घेऊन दुपारी माझ्या दारात हजर!

मी किती चिडून तुला फोन केला होता. म्हटलं, बघ तुझ्या पद्धतीचे पराक्रम. तू हसत सुटलीस. ठसका लागला तरी थांबेनास. मग म्हणालीस, "अगं, पहिल्यांदाच कुणाला न इचारता चढली ना ती!" त्या भाकरी आम्हीच खाल्ल्या, आणि ठेचा फर्मास होता. दुसऱ्या दिवसापासून तू धड्यात भर घातलीस: आधी पाटी वाचायची, मग गाडीचं तोंड कुणीकडं आहे ते बघायचं.

तू स्वतः तरी कुठं स्वस्थ बसलीस? चौथीत शाळा सुटलेली बाई, पन्नाशीला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली. रोज फोनवर मला बीजगणित विचारायचीस, आणि मी, जी वर्गातल्या लेकरांवर कधी आवाज चढवत नाही, ती तुझ्यावर खेकसायचे. गणितात गेलीस. तरी गावभर पेढे वाटलेस! लोक विचारायचे, कमलबाई, नापास झालात ना? तू म्हणायचीस, बाकीच्या विषयांत पास झाले, त्याचे हे पेढे. पुढच्या खेपेला गणितही सुटलं, तर पेढे नाहीत. आता त्यात काय विशेष, म्हणालीस. माझ्या वाट्याचे पेढे तुझ्याकडं अजून बाकी आहेत.

मग उपकेंद्रातल्या सिस्टरकडून बीपी बघायला शिकलीस. ते दिवस आठवले की अजून हसू येतं. घरात येईल त्याच्या दंडाला पट्टा. बाबा होते तेव्हा. ते तर तुला टाळायला शेतावर जाऊन बसायचे. पण त्याच पट्ट्यानं गल्लीतल्या दोन गरोदर पोरींचं बीपी वेळेत सापडलं, तू स्वतः त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेलीस, आणि दोघींची बाळं आता अंगणवाडीत दंगा करतात. साठीला पलीकडच्या शमीमचाचीकडून उर्दू शिकलीस, आजोबांचे निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद वाचायचे म्हणून. उजवीकडून लिहायचं म्हटल्यावर काय हरखली होतीस! तुला नवीन काही शिकायला मिळालं की भूकसुद्धा लागायची नाही.

असो. मूळ गोष्टीवर येते.

तेराव्याला दादा पुण्याहून आला होता. तो काही वाईट बोलला नाही गं. म्हणाला, घराला कुलूप लावून ठेवू, किल्ली शेजारी देऊ, दिवाळीत येऊन बघू. मी मान डोलवली. पण मनात आलं, आई नसलेल्या, कुलूप लावलेल्या घराला माहेर म्हणायचं तरी कसं? सणाला कुठं निघायचं? तेवढ्यात ओसरीवरून गंगानं विचारलं, ताई, सोमवारी वर्ग हाय का? मागं सात-आठ जणी उभ्या. हळद उकडायचं काम चालू होतं, सगळ्यांचे हात पिवळेधम्मक. मला नाही म्हणता येईना. शनिवार-रविवार घेते म्हणाले. दादाला सांगितलं, चार-पाच महिने थांब, किल्ली तोवर माझ्याकडं राहू दे.

आणि मी काय केलं? हिंगोलीहून तक्ते आणले. अ अननसाचा. गंगानं विचारलं, ताई, हे कुठं पिकतं? तिसऱ्या आठवड्याला निम्म्या जणी गळाल्या. मी एकदा तुला ऐकवलं होतं ना, आधी बाराखडी, मग शब्द, हीच शास्त्रीय पद्धत? तेव्हा तू शेंगा फोडता फोडता म्हणाली होतीस, "तुझी लेकरं खेळून येतात. माझ्या बाया काम टाकून येतात. त्यांना घरी जाताना काहीतरी हातात पाहिजे." मी नाक मुरडलं होतं. माफ कर. तक्ते गुंडाळून कपाटावर टाकले आणि तुझे पुठ्ठे काढले. कडा सगळ्या हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. गेलेल्या बायका परत आल्या.

पुठ्ठ्यांच्या तळाशी एक कोरा पुठ्ठा होता. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, बारीक, कोंडाबाई एवढंच लिहिलेलं.

कोंडाबाई प्रत्येक वर्गाला यायची, सगळ्यांच्या आधी. भिंतीला टेकून बसायची, बायकांची लेकरं सांभाळायची, पाणी द्यायची. पुठ्ठा पुढं केला की हात आवरून घ्यायची. सत्तरीची बाई, जबरदस्ती तरी कशी करायची? शेवटी गेल्या रविवारी सगळ्या गेल्यावर मी विचारलं. ती कापसाच्या वातीला पीळ देत देत बोलली. तिचं माहेर बोरखडी. ते धरणात गेलं, ती तेव्हा नुकती नांदायला आलेली. भावकी पांगली, कुणी इकडं, कुणी तिकडं. भाऊ वारले. "बोरखडीची गाडी न्हाई आता कुठं. जी गाडी न्हाई तिची पाटी मी काहून शिकू?"

आता कळलं मला, आई, तू का अडली होतीस. तुझी आख्खी पद्धत त्या एका बाईपाशी येऊन थांबली होती. बोरखडी लिहून दिलं तर तिला रडू येणार, दुसरं काही लिहिलं तर ते तिचं नसणार. मला मीटिंग होती!

आठवडाभर डोकं खाल्लं. आज जाताना ठरवूनच गेले. कोरा पुठ्ठा तिच्यापुढं ठेवला, हातात स्केचपेन घेतला आणि म्हटलं, कोंडाबाई, मला नाही सुचत, आईलाही नाही सुचलं. तुम्हीच सांगा, काय लिहू?

ती म्हणाली, "तुझ्या आईचं नाव लिव्ह." मी म्हटलं, ते कशाला? तर म्हणाली, "चाळीस वर्सं सणाला मला चोळी कुणी केली? दुखणं आलं तर पहिली धाव कुणाकडं? माझं माहेर हितंच होतं, पोरी. दुसरं कुठलं लिव्हतीस?"

आई, मला हे माहीतच नव्हतं. तू कधी बोलली नाहीस.

मी लिहिलं. कमल. तीनच अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. माझ्यातली पहिलीची बाई मनात म्हणाली, माझ्या पद्धतीनंही शब्दांची सुरुवात इथूनच झाली असती. कोंडाबाईनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, पाच वेळा, दहा वेळा. मग आपल्या हातानं खाली काढलं. ल जरा पडला, पण उभा राहिला. गंगा टाळ्या वाजवायला लागली आणि शमीमचाची कुंपणापलीकडून विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. मी रडत होते आणि हसतही होते, ते तुला वेगळं सांगायला नको.

मग ती उठली. पुठ्ठ्याला भोक पाडलं, सुतळी ओवली, आणि दाराच्या चौकटीच्या खिळ्याला टांगला. दादानं आणलेलं नवं कुलूप त्याच खिळ्याला अडकवलेलं होतं. ते काढून तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे ने तुझ्या घरी. पाटी लागल्या गाडीला कुणी कुलूप लावतं का?"

संध्याकाळी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, राहू दे उघडं, दिवाळीला मी येतोच आहे.

तर आई, वचन देते. दर शनिवारी शिरडला येणार, पाटी वाचून आणि गाडीचं तोंड बघून. मीटिंग असो की आणखी काही, कुणी प्रश्न विचारला तर त्याच वेळी ऐकणार. आणि तुझी उर्दूची वही मी शमीमचाचीकडं घेऊन गेले होते. पुढच्या आठवड्यापासून तुझा राहिलेला धडा मी शिकणार आहे. तू म्हणायचीस ना, रागावून शिकवतात त्या! अगदी माझ्यासारख्या.

कुलूप माझ्या पिशवीत आहे. माहेर उघडं आहे.

तुझ्या वर्गातली सगळ्यात उशिरा आलेली,
मंगल